सासूबाईंची सावली कोब्यात गेली त्याबद्दल

गोर्ना लेश्निका,
मंगळवार. (मिरच्या भाजायचे दिवस आहेत, कागदाला धुराचा वास आला तर रागावू नये.)

बायकोचे थोरले बंधू आदरणीय त्सांकोदादा यांना धाकटा मेहुणा कंचो याचा टोपी काढून नमस्कार.

प्लोवदिवला तुम्ही सगळे खुशाल असाल अशी आशा करतो. वहिनींचे गुडघे कसे आहेत? तुमचा घसा, बाल्कनीतली टोमॅटोची रोपं आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंशी गळक्या पाइपावरून चाललेलं तुमचं भांडण, सगळं ठणठणीत आहे ना? इकडे आम्ही मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे. पण आम्ही मजेत नाही. मला असा काही धक्का बसलाय की परवा दाढी करताना एकच गाल केला आणि दोन्काने, तुमच्या बहिणीने, सांगेपर्यंत तसाच गावभर हिंडलो. (लोक हसले नाहीत. आमच्या घरात काय चाललंय ते गावाला माहीत आहे, त्यामुळे त्यांना हे शोभूनच दिसलं.) फोन का केला नाही असं विचाराल. आमच्याकडे मोबाइलला रेंज फक्त अंगणाच्या मधोमध येते, आणि अंगणाच्या मधोमध सासूबाई खुर्ची टाकून बसलेल्या असतात. शिवाय 'त्सांकोला यातलं एक अक्षर बोलायचं नाही' अशी त्यांनी मला आणि दोन्काला पाव आणि मिठावर हात ठेवून शपथ घ्यायला लावलीय. मी बोलत नाहीये. लिहितोय.

आता मुळापासून सांगतो, कारण मुळाशी तुम्हीच आहात. द्राक्षांच्या मांडवाखालचा जुना कोबा तुमच्या सल्ल्याने घातला होता, आठवतंय? (नसेल आठवत तर दोन्काला आठवतं, तारखेसकट.) मी तेव्हा सळयांची जाळी आणायला निघालो होतो. तुम्ही म्हणालात, "अरे कंचो, वेडा का खुळा तू? लोखंड ते लोखंड!" आणि माळ्यावरून सासऱ्यांचा लोखंडी पलंग खाली उतरवायला लावलात, स्प्रिंगांसकट, आणि तो खड्ड्यात ठेवून त्यावर काँक्रीट ओतायला लावलंत. पहिल्या हिवाळ्यात जमीन गोठली, फुगली, आणि कोब्यावर केसाएवढी रेघ आली. दुसऱ्या हिवाळ्यात त्या रेघेत बोट जायला लागलं. तिसऱ्या वसंतात तिच्यात कोंबडीचं पिल्लू अडकलं. आणि सेंट जॉर्जच्या सणाला, पाहुणे टेबलाशी बसलेले असताना, सासूबाई बानित्साची परात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, त्यांचा पाय त्या फटीत गेला, आणि चीज भरलेली अख्खी बानित्सा मेयरच्या मांडीवर गेली. तोवर मी 'जावईबापू' होतो. त्या दिवसापासून मी 'तो बसवाला'. पलंग तुमचा, फट पलंगाची, आणि नाव माझं.

म्हणून यंदा मी ठरवलं की काय व्हायचं ते होवो, हा कोबा फोडायचा आणि रीतसर जाळी घालून नवा करायचा, नातवंडांच्या नातवंडांपर्यंत तडकता कामा नये असा. पलीकडच्या गावातल्या रांगेल गवंड्याला बोलावलं. (माणूस बढाईखोर आहे, सोफियातला निम्मा रस्ता आपणच केला असं सांगतो, पण काम संपल्याशिवाय राकियाच्या पेल्याला हात लावत नाही. असा गवंडी मी प्रथमच पाहिला, तोही एक धक्काच.) जुना कोबा फोडला आणि खाली बघतो तर काय, सासऱ्यांचा पलंग जसाच्या तसा! चारही पाय मातीत, वर स्प्रिंगा, आणि स्प्रिंगांच्या वर कोबा. म्हणजे लोखंड कोब्यात नव्हतंच हो, ते कोब्याच्या खाली निवांत पडलं होतं. पलंगाचा जन्म ज्यासाठी झाला तेच तो करत होता, आणि वर कोबा एकटाच थंडीशी झगडत होता. रांगेल इतका हसला की त्याला खड्ड्यातून हाताला धरून काढावं लागलं. "जाळी जमिनीवर टाकणं म्हणजे रजई पलंगाखाली ठेवून झोपणं," तो म्हणाला. मी हसलो नाही. मी इतकी वर्षं चारचौघांत त्या पलंगाची बाजू घेतली होती.

मग आम्ही काय कष्ट घेतले ते ऐका, कारण गावात कोणी ऐकून घेत नाही. आधी माती खणली, खडी टाकली, ती धुम्मस करून अशी बसवली की वरून बस गेली असती तरी खूण उमटली नसती. कडेने फळ्या लावल्या. जाळीचे पत्रे आणले, आणि ते जमिनीला टेकू नयेत म्हणून खाली सिमेंटचे लहान ठोकळे ठेवले, म्हणजे जाळी काँक्रीटच्या पोटात, मध्यापासून जरा वर राहील. पत्र्यावर पत्रा हातभर चढवून तारेने बांधला. रांगेलचं म्हणणं असं की तडा काही चुकत नाही. "तडा येणारच, कंचोभाऊ. काँक्रीट सुकताना आकसतं, त्याला कोण काय करणार? पण जाळी त्या तड्याला म्हणते, आलास ना, बस कोपऱ्यात, हातपाय पसरायचे नाहीत." हे मला इतकं पटलं की मी दोन्काला जेवताना सांगितलं, शेजारच्या पारुशला सांगितलं, चर्चमध्ये मेणबत्तीच्या रांगेत सांगितलं. दोन्का म्हणते मी झोपेतही जाळीबद्दल बोलत होतो, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली पण झोपेत तिचं नाव एकदाही घेतलं नाही.

काँक्रीट ओतायच्या शनिवारी तुम्ही पीचची पेटी घेऊन आलात, त्याबद्दल आभार. सकाळी कोवळ्या उन्हात तुम्ही ती रुंद हॅट घालून, कमरेवर हात ठेवून, थेट आखणीच्या टोकाशी उभे राहिलात आणि इतकं लोखंड कशाला, इतकी खडी कशाला, एवढी जाळी काय धरणावर घालायची आहे का, असं आम्हाला विचारत राहिलात. नंतर काँक्रीटची गाडी येताना दिसली तेव्हा बूट पांढरे आहेत म्हणून निघून गेलात. (हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. घडलं ते लिहितो.) तुम्ही गेल्यावर बांधायची तार संपली. गाडी तर दारात घरघरतेय. तेव्हा रांगेलने आखणीच्या दोरीचा एक कापलेला तुकडा खिशातून काढला आणि शेवटचे दोन पत्रे त्याने बांधले. म्हणाला, "काँक्रीट बसेपर्यंत धरलं की झालं. मग दोरी काय नि बायकोचा केस काय, सारखंच." ओतलं, सपाट केलं, मी स्वतः गुडघ्यावर बसून थापी फिरवली. दादा, काय गुळगुळीत झाला होता कोबा! मी त्या रात्री दोन वेळा उठून खिडकीतून बघितला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला पाणी मारत असताना सासूबाई दारात आल्या. काळा रुमाल डोक्याला घट्ट बांधलेला, चेहरा पांढराफटक. म्हणाल्या, "फोड."

मी म्हटलं, "काय फोडू?"

"कोबा फोड. काल गवंड्याने दोरीने माझी सावली मोजली आणि ती दोरी जाळीत बांधली. मी बाकावरून बघितलं. माझी सावली आत गेलीय."

माझ्या हातातून पाण्याची नळी सुटली आणि बुटात शिरली. तुम्ही गावचेच, तुम्हाला ही गोष्ट आजीने सांगितलेली असणार, मला तर बसच्या फेऱ्यांत प्रत्येक जुन्या पुलापाशी कोणी ना कोणी म्हातारी सांगायची. जुने गवंडी बांधकाम टिकावं म्हणून एखाद्या बेसावध माणसाची सावली गुपचूप दोरीने मोजायचे आणि ती दोरी बांधकामाच्या पायाखाली पुरायचे, मग पूल काही केल्या ढळायचा नाही, आणि तो माणूस चाळीस दिवसांच्या आत जायचा आणि पुलाची राखण करत बसायचा. पण दादा, तो पूल! आमचा अंगणातला कोबा! त्याची राखण कोणापासून करायची, कोंबड्यांपासून? मी सासूबाईंना समजावलं, रांगेलने फोनवर देवाची, आईची आणि पेन्शनची शपथ घेतली की तो आखणी करत होता, त्याला कोणाच्या सावलीशी देणंघेणं नाही. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "फोड." पुढे कितीतरी दिवस त्या घरात तेवढा एकच शब्द बोलत होत्या.

मी नाही म्हणालो. का नाही म्हणणार? माझ्या आयुष्यात मी घडवलेली ती पहिली सरळ गोष्ट होती. पण दोन्काने माझ्याशी बोलणं टाकलं आणि मला तिन्ही वेळा बिनमिठाचा उकडलेला भात घालायला लागली, तेव्हा मी शरण गेलो. ठरलं असं की फक्त कोपरा फोडायचा, दोरी काढायची आणि पुन्हा बुजवायचं. पारुश घण घेऊन आला. (तुम्हाला माहीत आहे, एकदा त्याने पैजेवर गाढव उचललं होतं.) त्याने घण डोक्यावर नेला आणि मारला. घण परत आला. त्याने पुन्हा मारला, घण पुन्हा परत आला, आणि पारुश मनगट धरून खाली बसला. कोब्याचा अक्रोडाएवढा टवका उडाला होता. मग तालुक्याहून ब्रेकर आणला, त्या मशीनने अख्खी आळी हादरली, आमच्या भिंतीवरचा संत निकोला उलटा झाला, आणि अर्ध्या दिवसाने कोपऱ्यात पावाएवढं भोक पडलं. त्यातही फुटलेले तुकडे जाळी सोडायला तयार नाहीत! मग मशीनचं पातं जाळीत अडकलं आणि ते काढायला वेगळी कटर आणावी लागली. दोरी कुठे दिसली नाही. दादा, तुम्हाला माझी काय अवस्था झाली ते कळतंय का? आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट फुटू नये अशी केली, आणि ती खरंच फुटत नव्हती, आणि त्यामुळे मी रडत होतो.

पण खरा धक्का पुढेच आहे. कुंपणाबाहेर सगळं गाव जमलं होतं आणि सगळं गाव एकमेकांना सांगत होतं, "बघा, बघा, म्हातारीची सावली धरून ठेवतेय." मी ओरडलो, "जाळी! जाळी धरून ठेवतेय! मध्यापासून वर, ठोकळ्यांवर!" त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं. मेयर म्हणाला, "असू दे रे, कंचो, तुझा काय दोष." म्हणजे कोबा तडकला असता तर तो माझा होता, आणि तडकला नाही म्हणून तो सासूबाईंच्या सावलीचा झाला. तेव्हापासून आमच्या कोब्यावर कोणी पाय ठेवत नाही. पारुश संध्याकाळी राकिया प्यायला येतो तो खुर्ची गवतावर ठेवून, चुकून बूट कडेला लागला तर छातीवर क्रूस काढतो. पाद्री स्पिरिदोन यांना बोलावलं, त्यांनी ही अंधश्रद्धा ख्रिस्ती माणसाला शोभत नाही असं सगळ्यांना खडसावून सांगितलं, आणि मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की पुढल्या महिन्यात रांगेल चर्चच्या पायऱ्या करणार आहे, तर त्या दिवशी त्यांनी स्वतः कुठल्या बाजूला उभं राहावं? जाताना त्यांनी कोब्यावर तीर्थ शिंपडलं. नव्या काँक्रीटला पाणी हवंच असतं, त्यामुळे त्या आठवड्यात आमच्या कोब्याला मिळालेली तेवढीच एक कामाची गोष्ट.

भोक पडलं आणि दोरी निघाली नाही, त्या दिवसापासून सासूबाईंनी 'फोड' म्हणणं बंद केलं. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी बस-ड्रायव्हरकरवी तालुक्याहून स्वतःचा मृत्युलेख छापून आणला! आपल्याकडे दाराला, झाडाला, खांबाला लावतात तसला, काळी चौकट, कोपऱ्यात क्रूस, मध्ये त्यांचा फोटो. मी कपाळावर हात मारून घेतला. त्यावर लिहिलंय, 'दुःखद निधन, वेलिका, राहणार गोर्ना लेश्निका, विहिरीसमोरचं द्राक्षांच्या मांडवाचं घर.' मृत्युलेखात पत्ता कोणी लिहितं का हो? गावात कोणाला त्यांचं घर माहीत नाही? आणि तारखेची जागा कोरी! तो त्यांनी स्वतः पिठाच्या खळीने फाटकाला चिकटवला. पोस्टमन रोज टोपी काढून आत येतो आणि त्यांच्याच हातात पेन्शन देतो. आणखी एक. ज्या बाईने जन्मात उन्हात पाऊल ठेवलं नाही, लग्नाच्या फोटोतसुद्धा जी छत्रीखाली आहे, ती आता सकाळपासून डोकं उघडं टाकून कोब्याच्या मधोमध बसते, आणि ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवते. मला खिजवायला, दुसरं काय. मी विचारलं तर म्हणाल्या, "माझं ऊन, माझी खुर्ची. तू तुझ्या जाळीचं बघ."

हसायचं तेवढं हसून झालं असेल तर आता खरं लिहितो. दादा, त्यांनी खाणं कमी केलंय. परवा बीनचं सूप अर्धं तसंच ठेवलं, आणि बीनचं सूप त्यांनी कधी ठेवल्याचं मला आठवत नाही. चांदीची कर्णफुलं दोन्काच्या ताटाखाली ठेवली. कोंबड्या कोणाला द्यायच्या ते ठरवून टाकलं. (मला एकही नाही.) त्या जातील असं त्यांनी ठरवलंय, आणि तुमच्या आईने एकदा ठरवलं की काय होतं ते तुम्ही लहानपणापासून बघताय. मी रात्री जागा राहतो आणि भिंतीपलीकडून त्यांचा श्वास ऐकतो. मला भीती वाटते. माझ्या अंगणात, माझ्या जाळीपायी त्या गेल्या तर मी त्या कोब्यावर कसा चालू?

म्हणून एकच मागणं. त्यांचे चाळीस दिवस भरेपर्यंत त्यांना प्लोवदिवला तुमच्याकडे घेऊन जा. काहीही कारण सांगा. तिथे त्या कोब्यापासून दूर असतील, वहिनींच्या हातचं खातील, वरच्या बाईंशी भांडतील, त्यांचा जीव रमेल. चाळीस दिवस उलटले की आपोआप सगळं विसरतील आणि परत येऊन मला बसवाला म्हणतील. वहिनींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
कंचो

ता. क. पीच गोड होते. खालचा थर नासला होता, पण वरचा गोड होता.

ता. क. (बुधवार) दादा, वरचं सगळं वाचू नका. वाचलंच असेल तर विसरा. फाडून टाकणार होतो, पण इतकी पानं हाताने लिहिलीत आणि त्यातलं काँक्रीटबद्दलचं सगळं खरं आहे.

आज सकाळी सायकल काढून रांगेलकडे गेलो, दोरी नेमकी कुठे बांधलीस ते एकदा नीट आठव म्हणून विचारायला. तो म्हणाला, "दोरीचं सोड. म्हातारीची सावली कुठून आली? म्हातारी बसली होती बाकावर, पागोळीखाली. तिथं दुपारपर्यंत ऊन येत नाही."

"मग तू मोजलंस काय?"

"मी कशाला कोणाला मोजू? खुंटीपासून खुंटीपर्यंत दोरी ताणली. मधे उभे होते तुमचे ते पाहुणे, हॅटवाले. दोनदा म्हटलं, साहेब, जरा बाजूला व्हा. तर म्हणतात, तू ताण, मला शिकवू नकोस. एक खुंटी त्यांच्या बुटाशी, दुसरी त्यांच्या हॅटच्या सावलीशी. ताणली, कापली, खिशात घातली. मग तार संपली."

मी सायकल तिथेच विसरून चालत घरी आलो. सासूबाई खुर्ची घ्यायला आत गेल्या होत्या, तेवढ्यात मी त्यांच्या बाकावर बसून बघितलं. सकाळची वेळ, बाहेर लख्ख ऊन, आणि बाकावर मला सावलीच नव्हती. दादा, मी इतकी वर्षं घाटात बस चालवली, ब्रेक निकामी झालेला मी बघितलाय, पण असा गारठलो नव्हतो. त्यांनी बाकावरून तुमची सावली मोजली जाताना बघितली. आधी ती बाहेर काढायला बघितली, आणि मला 'फोड, फोड' म्हणत राहिल्या. निघेना, तेव्हा गावासमोर ती आपल्या नावावर करून घेतली. तो फोटो, तो पत्ता, दाराला चिकटवलेला कागद, तो गावासाठी नव्हताच. जो कोणी न्यायला येईल त्याने चुकून प्लोवदिवला जाऊ नये म्हणून होता.

मला राहवलं नाही. त्या खुर्ची घेऊन बाहेर आल्या तेव्हा मी विचारलं, "सासूबाई, ती सावली त्सांकोदादांची ना?" त्यांनी खुर्ची उन्हात मांडली. मग म्हणाल्या, "तू बस चालवायचास. तिकीट फाडलं की कोणीतरी चढायला लागतं, एवढंच. कोण चढलं ते ड्रायव्हर बघत नाही. मी म्हातारी झालेय. तो अजून बाल्कनीत टोमॅटो लावतोय." आणि खुर्ची जराशी सरकवत, "त्याला लिहिलंस तर बघ. फार भित्रा आहे तो. लहानपणी चिमणी मेली तरी तीन रात्री झोपायचा नाही."

तर आता माझं मागणं बदललंय. त्यांना नेऊ नका, त्या येणार नाहीत. तुम्हीच इकडे या, आणि चाळीस दिवस उलटेपर्यंत इथेच राहा. रोज सकाळी त्यांच्या डोळ्यांसमोर कोब्यावर उभे राहा, जाड, लालबुंद, माझ्या चुका काढत. जाळी जास्त झाली म्हणा, कोबा वाकडा झाला म्हणा, मी एका शब्दाने उत्तर देणार नाही. तुम्ही धडधाकट आहात हे चाळिसाव्या दिवसानंतर बघितलं की त्या स्वतःला जगायची परवानगी देतील. तुम्हाला यातलं काही कळलंय असं त्यांना दाखवू नका. आणि दादा, मी असल्या गोष्टी मानत नाही. कधीच मानल्या नाहीत. तरी निघायच्या आधी वहिनींबरोबर जाऊन छाती तपासून घ्या.

ता. क. (पुन्हा बुधवारच) अक्षर हलतंय कारण बस हलतेय. पत्र द्यायला थांब्यावर गेलो, तर माझ्या जुन्या बसचा नवीन ड्रायव्हर म्हणाला, "प्लोवदिवच्या स्टँडवर ठेवतो. तुमच्या दादांना फोन करा, ते चौक ओलांडून येतील आणि घेऊन जातील." त्या चौकात काय गाड्या असतात ते मला ठाऊक आहे. मी सपाता घालून होतो, तसाच चढलो. (हा पोरगा वळणावर ब्रेक फार उशिरा दाबतो. मी त्याला सांगितलं. त्याने रेडिओ मोठा केला.)

तेव्हा बेल वाजेल, दारात मी असेन, आणि हे पत्र तुमच्या हातात देईन. तुम्ही विचाराल, कंचो, काय झालं? मी बोलणार नाही, मी शपथ घेतलीय. तुम्ही उभ्याउभ्याच वाचाल, चिडाल, पलंगाबद्दल बोलायला तोंड उघडाल. नंतर बोला, रस्ताभर बोला, मी ऐकेन. आता बूट घाला, पांढरे नकोत. टोमॅटोंना पाणी घालायला वहिनींना सांगा. तुमची गाडी मी चालवीन. तुमच्या जिन्याला दिवा नाही, म्हणून मी पुढे उतरतो. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवा, आणि खाली पोचेपर्यंत काढू नका.